बाथरूममधला दिवा बदलताना: जुना होल्डर काढण्यापासून नवी फिटिंग लावण्यापर्यंत

पावसाळा सरता सरता बाथरूमच्या दिव्याची कुरकुर सुरू होते. बल्ब फडफडतो, बटण दाबलं की होल्डरमधून चरचर ऐकू येते, नवा घातलेला एलईडी दोन महिन्यांत मान टाकतो. आपण दुकानात जाऊन आणखी एक बल्ब आणतो. पण अशा वेळी दोष बहुधा बल्बचा नसतो, होल्डरचा असतो.

आपल्याकडच्या बहुतेक बाथरूममध्ये अजून साधा बॅटन होल्डर किंवा अँगल होल्डरच असतो, जिन्यात आणि स्वयंपाकघरात असतो तोच. कोरड्या खोलीत तो वर्षानुवर्षं चालतो. बाथरूममध्ये मात्र रोज सकाळी गिझरच्या पाण्याची वाफ त्याच्या पोटात शिरते. आतल्या पितळी पिना कळकतात, पिनांमागच्या स्प्रिंगा गंजून ढिल्या पडतात, पिन आणि बल्ब यांच्यामध्ये बारीक ठिणगी पडत राहते आणि होल्डर आतून काळा पडतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात खारी हवा ही प्रक्रिया आणखी लवकर उरकते. अशा होल्डरच्या जागी पाणी आणि वाफ आत न घेणारी बंद फिटिंग लावणं हा खरा उपाय. काम अवघड नाही. जोडायच्या वायरी दोन, फार तर तीन. जपायचं ते वीज बंद करताना, म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

हे काम घरच्या माणसाने करावं का, असा प्रश्न पडणारच. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांतल्या 45 व्या नियमाने विजेचं काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावं असं सांगताना एक सूट ठेवली होती. 250 व्होल्टपर्यंतचे दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि फिटिंग बदलायला हरकत नाही, फक्त त्यामुळे मूळ जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या नियमांतही ती सूट राहिली. म्हणजे दिव्याच्या जागी दिवा चालतो. आरशावर नवा पॉइंट काढायचा, भिंत फोडून पाइप टाकायचा, गिझरच्या लाइनवरून दिव्याला वीज घ्यायची, ही कामं वायरमनची. पुढे लिहिलं आहे ते फक्त असलेल्या पॉइंटवर, असलेल्या जागी दिवा बदलण्याबद्दल.

फिटिंग निवडताना

दुकानात गेल्यावर आधी आयपी नंबर विचारा. दिवा कसा दिसतो ते नंतर. हा नंबर दोन अंकी असतो. पहिला अंक धूळ आणि किडे किती अडतात ते सांगतो, दुसरा पाणी किती अडतं ते. आयपी 20 म्हणजे पाण्यापासून काहीच संरक्षण नाही, हॉलमधल्या पॅनल लाइटवर बहुधा हाच असतो. आयपी 44 वर कुठूनही शिंतोडे उडाले तरी चालतात. आयपी 65 मध्ये धूळ अजिबात शिरत नाही आणि पाण्याची धार थेट आली तरी दिवा निभावतो.

परदेशी ठोकताळ्यांमध्ये बाथरूमचे भाग पाडलेले असतात. टबच्या किंवा शॉवरच्या जागेवर 2.25 मीटर उंचीपर्यंतचा एक भाग, त्याच्या बाहेर 60 सेंटिमीटरचा दुसरा पट्टा, आणि या दोन्हींत दुसरा अंक किमान 4 हवा. आपल्या चार बाय सहा फुटांच्या बाथरूममध्ये असे भाग पाडायला जागाच कुठे आहे? बादलीत तांब्या बुडवून डोक्यावर पाणी घेणाऱ्या माणसाचे शिंतोडे चारही भिंतींवर जातात, आणि घरात लहान मूल असेल तर छतावरही. म्हणून माझा सरळ सल्ला: भिंतीवर लावायचा असेल तर आयपी 65 घ्या, उंच छतावर असेल तर आयपी 44 पुरे.

या कामाला सगळ्यात योग्य दिवा म्हणजे ज्याला दुकानदार बल्कहेड म्हणतात तो, गोल किंवा लंबगोल, दुधी झाकणाचा, आत एलईडी पक्का बसवलेला. पूर्वी तो जिन्यात आणि गच्चीवरच दिसायचा, आता घरात शोभतील असे चपटे प्रकार मिळतात. आरशावरचा लांबट मिरर लाइट घ्यायचा असेल तर तो दिसायला कितीही छान असला तरी खोका उलटून आयपी नंबर बघाच. कित्येक मिरर लाइट मुळात बेडरूममधल्या ड्रेसिंग टेबलासाठी केलेले असतात.

काचेचा बंद गोळा आणि आत नेहमीचा 9 वॅटचा एलईडी बल्ब, ही जोडी टाळा. एलईडी बल्बच्या बुडाशी त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारं सर्किट, असतो आणि त्याला हवा लागते. बंद गोळ्यात तो तापून लवकर मरतो. कित्येक खोक्यांवर बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही असतं.

किती वॅटचा घ्यावा? लहान बाथरूमला 10 ते 12 वॅटचा एलईडी भरपूर होतो. रंग आवडीचा, पण दाढी करताना किंवा कुंकू लावताना चेहरा नीट दिसायला हवा असेल तर 4000 केल्विनचा नॅचरल व्हाइट बरा. 6500 केल्विनच्या पांढऱ्याफट्ट उजेडात माणूस आजारी दिसतो, तरी आपल्याकडे खप त्याचाच जास्त आहे. रात्री अर्धवट झोपेत उठून जाणारी म्हातारी माणसं घरात असतील तर 3000 केल्विनचा पिवळसर उजेड डोळ्यांवर येत नाही.

आता अर्थिंग. जुन्या घरांत, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच नव्या घरांतही, दिव्याच्या पॉइंटपर्यंत हिरवी वायर आणलेलीच नसते. धातूच्या अंगाची फिटिंग अर्थिंगशिवाय बाथरूममध्ये लावू नये. आत कुठे फेज, म्हणजे वीज घेऊन येणारी वायर, अंगाला टेकली तर अख्खी फिटिंग जिवंत होते, आणि ओल्या हाताने ती पुसायला जाणारा माणूस तिच्यात सापडतो. हिरवी वायर नसेल तर प्लास्टिक अंगाची आणि मोठ्या चौकोनात लहान चौकोन अशी खूण असलेली फिटिंग घ्या. त्या खुणेचा अर्थ दुहेरी इन्सुलेशन, म्हणजे अर्थिंगची गरज नाही. अर्थिंगची वायर नळाच्या पाइपला किंवा न्यूट्रलला, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरीला, जोडण्याचा जुगाड कुणी सुचवला तर त्याचे आभार मानून त्याला घरी पाठवा.

हाताशी काय हवं

लाइन टेस्टर, आणि शक्य असेल तर मल्टिमीटर. दोन मापांचे स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, वायर सोलायचं कटर, चांगल्या प्रतीची इन्सुलेशन टेप, वायरी स्क्रूने जोडायच्या स्ट्रिप कनेक्टरची छोटी पट्टी. ड्रिल, 6 एमएमचा बिट, टाइलवर काम असेल तर टाइलचा वेगळा बिट, स्क्रूसाठी भोकात ठोकायच्या गिट्ट्या. फिटिंगबरोबर येणारे स्क्रू बाजूला ठेवा आणि हार्डवेअरच्या दुकानातून स्टेनलेस स्टीलचे आणा. साधा स्क्रू बाथरूममध्ये एका पावसाळ्यात गंजतो आणि पुढच्या वेळी त्याची खाचच शिल्लक राहत नाही. पारदर्शक सिलिकॉनची नळी, डोक्याला लावायची बॅटरी आणि चार पायांचा घोडा. कमोडच्या झाकणावर, पालथ्या बादलीवर किंवा मोरीच्या कठड्यावर उभं राहून हे काम करायचं नाही. दोन्ही हात वर गुंतलेले असताना तोल गेला तर धरायला काहीही नसतं.

वेळ सकाळी उशिराची धरा. आंघोळी उरकल्यावर दोन-तीन तास जाऊ द्यावेत, फरशी पुसून कोरडी करावी, खिडकीतून उजेड असावा. घरात कुणीतरी सोबत असलेलं बरं.

वीज बंद करणं आणि ती खरंच बंद झाल्याची खात्री करणं

आधी थोडं गणित. 12 वॅटचा दिवा 230 व्होल्टवर जेमतेम 0.05 अँपिअर ओढतो. दिव्यांच्या लाइनवरचा एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच, असतो 6 किंवा 10 अँपिअरचा. म्हणजे तुमच्या अंगातून या दिव्याला लागतो तेवढा प्रवाह गेला, जो जीव घ्यायला पुरेसा आहे, तरी एमसीबी ढिम्म हलणार नाही. तो वायरीला जळण्यापासून वाचवतो, माणसाला नाही. माणसाला वाचवणारं यंत्र म्हणजे आरसीसीबी. वायरमन त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. तो 30 मिलिअँपिअरच्या गळतीवर उडतो. डीबीमध्ये, म्हणजे एमसीबी बसवलेल्या डब्यात, तो आहे का बघा, त्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. ते दाबल्यावर तो खाडकन पडला पाहिजे. नाही पडला तर दिव्याआधी तो बदलून घ्या. मुळात नसेलच, तर बाथरूमच्या दिव्यावर खर्च करण्याआधी वायरमनला बोलावून तो बसवून घेणं शहाणपणाचं.

आता बंद करणं. भिंतीवरचं बटण बंद केलं म्हणजे होल्डरमधली वीज गेली असं धरून चालू नका. बटण फेजवर असायला हवं, पण जुन्या कामांत ते न्यूट्रलवर घातलेलं आढळतं. तेव्हा बटण बंद केल्यावर दिवा विझतो खरा, पण होल्डरच्या एका पिनेवर 230 व्होल्ट तसेच उभे असतात.

फक्त दिव्याचा एमसीबी पाडूनही थांबू नका. एकेरी एमसीबी फक्त एक वायर तोडतो, आणि कुठेतरी फेज-न्यूट्रलची अदलाबदल झालेली असेल तर भलतीच वायर तुटते. जुन्या चाळींत आणि वाड्यांत किटकॅट फ्यूज, म्हणजे तार घालायचे चिनी मातीचे फ्यूज, असतात. तिथे तर कधीकधी फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर फ्यूज असतो, आणि चुकीचा काढला तर अंधार होतो पण वीज जात नाही. म्हणून मेन स्विच पाडा, तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. फ्रिजचा तासभर खोळंबा होईल, होऊ द्या. मेनवर टेप लावा आणि घरात सगळ्यांना सांगा. फॅन का बंद पडला म्हणून कुणीतरी उठून मेन वर करतंच.

घरात इन्व्हर्टर असेल तर आणखी एक पायरी आहे, आणि ती बहुतेक जण विसरतात. बाथरूमचा दिवा हमखास इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलेला असतो. तुम्ही मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो आपलं काम इमानाने सुरू करतो. होल्डरमध्ये वीज परत हजर. उलट फक्त इन्व्हर्टरचं पुढचं बटण बंद करून मेन चालू ठेवला, तर कित्येक इन्व्हर्टर बाहेरची वीज तशीच पुढे जाऊ देतात. तेव्हा दोन्ही बंद करायचे: आधी इन्व्हर्टरचं बटण, मग मेन.

मग टेस्टर. तोही आंधळेपणाने वापरायचा नाही. मेन पाडण्याआधी एखाद्या चालू सॉकेटमध्ये लावून तो पेटतो का बघा. मेन पाडल्यावर बाथरूममध्ये बटण चालू ठेवून होल्डरच्या दोन्ही टोकांना लावा, मग बटण बंद करून पुन्हा लावा. सगळं निर्वेध दिसलं तरी वायरी हातात घेण्याआधी एकदा खाली उतरा, मेन वर करून त्याच चालू सॉकेटवर टेस्टर अजून पेटतोय ना हे तपासा, परत मेन पाडा आणि होल्डरवर परत एकदा लावून बघा. मधल्या वेळात टेस्टरमधला छोटा निऑन दिवा गेलेला असू शकतो.

टेस्टर तुमच्या अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या अगदी बारीक प्रवाहावर पेटतो. जाड रबरी चप्पल घालून प्लास्टिकच्या घोड्यावर उभं राहिलात तर तो इतका मंद पेटेल की दिवसाच्या उजेडात कळणारही नाही. म्हणून हाताची ओंजळ करून सावलीत बघा. मल्टिमीटर असेल तर एसी व्होल्टच्या 600 किंवा 750 च्या खुणेवर ठेवून फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्या मोजा. डिजिटल मीटर कधीकधी बंद वायरीवरही दहा-वीस व्होल्ट दाखवतो. शेजारून जाणाऱ्या चालू वायरीचा तो नुसता परिणाम असतो. पण मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद असताना तो यायला नको. आलाच तर कुठलीतरी वायर अजून जिवंत आहे, शेजाऱ्याच्या मीटरवरची सुद्धा असू शकते. तिथे थांबा.

आणि एक: होल्डरमागच्या डब्यातून एक्झॉस्ट फॅनची किंवा गिझरची वायर जात असू शकते. डबा उघडल्यावर आत दिसतील तेवढ्या सगळ्या वायरींना टेस्टर लावा.

जुना होल्डर उतरवणं

बल्ब काढा, होल्डरचं बाहेरचं रिंगण फिरवून काढा. आतले दोन छोटे स्क्रू आणि त्यांत अडकलेल्या वायरी दिसतील. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग होल्डर भिंतीवर धरून ठेवणारे स्क्रू काढा आणि शेवटी वायरी सोडवा. वायरी सोडवल्या क्षणी त्या मागे पाइपात सरकू शकतात, म्हणून आधीच त्यांना काटकोनात दुमडून प्रत्येक टोकाला वेगळी टेप गुंडाळा. कन्सिल्ड, म्हणजे भिंतीच्या आतून वायरी नेलेल्या, फिटिंगमध्ये पाइपात गेलेलं टोक परत बाहेर काढणं हा अर्ध्या दिवसाचा उद्योग होतो.

होल्डरच्या मागे जुना लाकडी राउंड ब्लॉक असेल तर तो ओलीने फुगलेला असणार, काढून टाका. आत मुंग्यांचं वारूळ, पालीची अंडी, कोळ्याची जाळी, काहीही निघतं. सुक्या ब्रशने साफ करा.

आता वायरींकडे नीट बघा, कारण पुढे जायचं की नाही ते इथे ठरतं. रंगाची पद्धत अशी: लाल, पिवळा किंवा निळा फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थिंग. पण रंगावर विसंबून राहू नका, हाताशी असलेल्या वायरीने काम उरकणारे कमी नाहीत. आवरण बोटाने वाकवल्यावर चुरा होऊन पडत असेल, आतली तार तांब्याची नसून पांढरट ॲल्युमिनिअमची असेल, किंवा छताच्या भोकातून ओल झिरपत असेल, तर वायरींना टेप लावा, वायरमनला फोन करा आणि तो येईपर्यंत त्या लाइनचा एमसीबी पडलेलाच ठेवा. ओल वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून येत असेल तर आधी ती गळती थांबली पाहिजे. गळक्या स्लॅबखाली आयपी 65 सुद्धा काही कामाचा नाही, कारण पाणी फिटिंगच्या पुढून न येता वायरीच्या भोकातून मागून येतं.

वायर चांगली असेल पण टोक काळं पडलं असेल तर ते कापून टाका आणि आवरण 8 ते 10 मिलिमीटर सोला. तांबं तांब्यासारखं चमकलं पाहिजे. बारीक तारांची वायर असेल तर टोकाला घट्ट पीळ द्या. सोलताना दोन-चार तारा तुटल्या तर परत कापून परत सोला. तुटक्या तारांचं टोक स्क्रूखाली गरम होतं. वायर आखूड पडत असेल तर ताणू नका, स्ट्रिप कनेक्टरने जोड देऊन लांब करा. तो जोड फिटिंगच्या किंवा डब्याच्या आतच राहिला पाहिजे. पीळ देऊन वर टेप गुंडाळलेला जोड भिंतीत गाडणं हे पुढच्या माणसासाठी सापळा ठेवण्यासारखं आहे.

भोकं पाडणं आणि जोडणं

इथे एक गंमत आहे. मेन बंद, मग ड्रिल चालवायचं कशावर? बॅटरीवरचं ड्रिल असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर वायरींची टोकं स्ट्रिप कनेक्टरमध्ये एकेक वेगळी बंद करा, वर टेप लावा, डब्यात आत ढकला. मग बाथरूमच्या दिव्याचा एमसीबी पाडलेलाच ठेवून मेन वर करा आणि दुसऱ्या खोलीतून एक्स्टेन्शन घ्या. वायरींच्या आसपास ड्रिल न्यायचं नाही. भोकं झाली की मेन परत खाली आणि टेस्टरचा सगळा पाठ पुन्हा पहिल्यापासून.

नव्या फिटिंगची पाठ भिंतीला टेकवून पेन्सिलने खुणा करा. बटणाच्या अगदी सरळ वर आणि नळाच्या किंवा गिझरच्या अगदी सरळ वर-खाली भोक पाडू नका, वायर आणि पाण्याचा पाइप बहुधा त्याच रेषेत गेलेला असतो. टाइलवर बिट घसरतो, म्हणून खुणेवर मास्किंग टेप चिकटवा आणि टाइल पार होईपर्यंत हॅमर बंद ठेवून हळू चालवा. खालच्या सिमेंटमध्ये गेल्यावर हॅमर चालू केला तरी चालतं. गिट्टी टाइलच्या पृष्ठभागापेक्षा किंचित आत ठोका. ती टाइलच्या जाडीतच अडकून राहिली तर स्क्रू पिळताना टाइल तडकते.

बंद फिटिंगला वायर आत घेण्यासाठी रबरी बूच दिलेलं असतं. काम बिघडतं ते बहुतेकदा इथे. घाईत बुचाला मोठं भोक पाडलं, किंवा बूच काढूनच टाकलं, की खोक्यावरच्या आयपी 65 ला काही अर्थ उरत नाही. बुचाच्या मधोमध वायरीपेक्षा बारीक भोक पाडा आणि वायर त्यातून दाबून काढा, घट्ट गेली पाहिजे.

जोडणी सोपी आहे. फेज ‘एल’ मध्ये, न्यूट्रल ‘एन’ मध्ये, हिरवी अर्थच्या खुणेपाशी. पेचाच्या होल्डरची फिटिंग असेल तर फेज मधल्या टोकाला गेली पाहिजे, कडेच्या पेचाला नाही. नाही तर बल्ब फिरवताना बोट लागतं ती कडाच जिवंत असते. आपल्याकडच्या खाचेच्या होल्डरला हा धोका तेवढा नाही. स्क्रू घट्ट केल्यावर प्रत्येक वायर बोटांत धरून जरा ओढून बघा. हलली तर पुन्हा कसा. सोललेली तार स्क्रूच्या बाहेर दिसता कामा नये, आणि आवरण स्क्रूखाली दबलेलंही नको.

जास्तीची वायर आत गोल बसवा, फिटिंगच्या पाठीखाली चिमटू देऊ नका. झाकण लावण्याआधी रबराची रिंग खाचेत सगळीकडून बसली आहे ना ते बोट फिरवून बघा. तिला एका ठिकाणी पीळ पडला तरी वाफ तिथूनच आत जाते, मग चार महिन्यांनी दुधी झाकणाच्या आत पाण्याचे थेंब दिसू लागतात.

भिंतीवरच्या फिटिंगला वरून आणि दोन्ही बाजूंनी सिलिकॉनची बारीक रेघ द्या, खालची कड मोकळी ठेवा. चुकून पाणी मागे गेलंच तर त्याला खालून वाट हवी. फिटिंगला पाणी जाण्यासाठी छोटं भोक असेल तर ते खालच्या बाजूला यायला हवं. सिलिकॉन सुकेपर्यंत, म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत, त्या बाथरूममध्ये आंघोळ नको.

चालू केल्यावर

बाथरूमचं बटण बंद ठेवून मेन वर करा, मग इन्व्हर्टर, मग बटण. दिवा लागला तर बटण बंद करून अंधारात मिनिटभर बघत राहा. एलईडी मंद लुकलुकत किंवा टिमटिमत राहिला तर तीन शक्यता असतात. बटणाला लाल इंडिकेटर असेल तर त्यातून जाणारा नगण्य प्रवाह पुरतो. लांबच्या लांब शेजारी-शेजारी गेलेल्या वायरींमुळेही असं होतं. या दोन्हींत धोका नाही. पण बटण न्यूट्रलवर असेल तरीही हेच दिसतं, आणि ते मात्र दुरुस्त करायला हवं. ओळखायची खूण: बटण बंद असताना पॉइंटच्या वायरीला टेस्टर लावला आणि तो लखलखीत पेटला, तर वायरमनला बोलावून बटण फेजवर घेऊन घ्या.

बटण दाबताच एमसीबी पडला तर फेज आणि न्यूट्रल कुठेतरी एकमेकांना टेकताहेत, बहुधा एखादी सुटी तार. आरसीसीबी पडला तर फेज किंवा न्यूट्रल यांपैकी काहीतरी अर्थला लागलंय. न्यूट्रल स्क्रूखाली चिमटून फिटिंगच्या अंगाला टेकली असेल तर बटण बंद असतानाही आरसीसीबी पडतो आणि माणूस गोंधळतो. मेन पाडून झाकण उघडा आणि वायरींची ठेवण बघा. आरसीसीबी सारखा पडतो म्हणून त्याला बाजूला काढून थेट जोडणी करणारे महाभाग भेटतात. त्यांचं ऐकू नका.

दोन्ही वायरींवर टेस्टर पेटतोय पण दिवा लागत नाही, असं झालं तर मागे कुठेतरी न्यूट्रल तुटलेली आहे. फेज दिव्यातून किंवा दुसऱ्या एखाद्या उपकरणातून फिरून न्यूट्रलच्या वायरीवर येऊन थांबते. ही तूट दिव्याच्या पॉइंटवर दिसली नाही तर बोर्डात किंवा डीबीत शोधावी लागते, आणि ते काम वायरमनवर सोपवा.

जुना होल्डर कचऱ्यात गेला तरी चालेल. पण सीएफएल किंवा ट्यूब काढली असेल तर तिच्यात पारा असतो. ती फोडू नका, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. नव्या फिटिंगचं बिल आणि खोक्याचा लेबल असलेला तुकडा डीबीच्या झाकणामागे चिकटवून ठेवा. वॉरंटीच्या मुदतीत ड्रायव्हर गेला तर दुकानदार सगळ्यात आधी तेच मागतो.